ड्राफ्ट झाला, आता हात सांभाळ: नव्या पिचरचं पहिलं वर्ष

ऑगस्टमधली फिनिक्सची सकाळ. साडेसातलाच ऊन टोचायला लागतं. शहराच्या पश्चिमेला सरप्राइज नावाचं उपनगर आहे, तिथे टेक्सास रेंजर्स आणि कॅन्सस सिटी रॉयल्स या दोन बेसबॉल क्लबांची सरावाची मैदानं आहेत. जाळीबाहेर उभं राहून मी बघत असतो. महिन्यापूर्वीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडला गेलेला एक उंचापुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा पोरगा, साठ फुटांवरच्या जोडीदाराशी हलकेहलके झेल खेळतोय. पंचवीस फेकी झाल्या की कोच हातातल्या कागदावर खूण करतो आणि सांगतो, आज एवढंच. पोराचा चेहरा पडतो. त्याला ताशी ९८ मैलांनी बॉल सोडून दाखवायचा असतो, आणि त्याला सांगितलं जातं की जा, मांड्यांचे व्यायाम कर.

त्या पडलेल्या चेहऱ्याच्या मुलासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. पहिल्या वर्षी तुझ्याकडून कोणी विकेटांसारखा हिशेब मागत नाही. तुझा हात पुढच्या फेब्रुवारीच्या सराव-शिबिरात धडधाकट पोचावा आणि त्या हाताबद्दल तू क्लबला खरं सांगावंस, एवढीच अपेक्षा असते. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

शनिवारी मी आमच्या वस्तीतल्या मुलांना बॉल टाकायला शिकवतो. त्यांत मराठी घरांतलीही आहेत, ती मला काका म्हणतात. म्हणून इथेही मी 'तू'च म्हणणार.

क्रिकेटवर वाढलेल्या आईबाबांसाठी आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. पिचर ६० फूट ६ इंचांवरून, १० इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, उभा राहून बॉल टाकतो. त्याला रनअप नसतो. कोपर वाकवून झटक्यात सरळ करायचं, म्हणजे क्रिकेटमध्ये ज्याला अंपायर नो-बॉल देईल, तोच इथला धंदा आहे. त्या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्याशा अस्थिबंधावर येतो. सगळं करिअर त्या बोटभर पट्टीवर टांगलेलं असतं, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

सहीच्या आधी

ड्राफ्ट जुलैत होतो. २०२१ पासून त्यात २० फेऱ्या असतात. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोसारख्या अमेरिकेच्या प्रदेशांत राहणारे किंवा तिथे शिकणारे खेळाडूच त्यात येतात. पुण्यात किंवा पणजीत राहणाऱ्या मुलाला ही वाट नाही. त्याला परदेशी खेळाडू म्हणून थेट करार करावा लागतो, जसा २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंनी पिट्सबर्ग पायरेट्सशी केला.

नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. सही करायला साधारण जुलैअखेरपर्यंत मुदत असते आणि त्या दोनेक आठवड्यांत घरात सगळ्यांचे फोन वाजत राहतात. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक ठरलेली रक्कम असते. त्या सगळ्या रकमांची बेरीज म्हणजे त्या क्लबची थैली. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी मिळणार. अकराव्या फेरीपासून पुढे १,५०,००० डॉलरपर्यंतचा बोनस त्या थैलीतून जात नाही, त्याच्या वरचा मात्र जातो. क्लबचा माणूस 'एवढंच देता येईल' म्हणाला तर तो दरवेळी घासाघीस करत असतो असं नाही. थैली खरोखरच रिकामी झालेली असू शकते. हे तुझ्या सल्लागाराला बोटांवर मोजून सांगता यायला हवं. नाही आलं, तर सल्लागार बदल.

बारावी झालेल्या मुलापुढे खरा पेच असतो. सही नाकारून चार वर्षांच्या कॉलेजात गेलास, तर पुढची संधी तीन वर्षांनी किंवा वय २१ झाल्यावर. सही केलीस, तर कॉलेजच्या खर्चाची तरतूद करारातच लिहून घे. खेळ सुटल्यावर ठराविक मुदतीत शिक्षण सुरू केलं की फी क्लब भरतो, अशी योजना आहे. आपल्या घरांत शिक्षणाचा विषय निघाला की आवाज चढतात, म्हणून सांगतो: हा कागद आईच्या हातात दे. तिला रात्री झोप लागेल.

मग वैद्यकीय तपासणी. इथे कुमार रॉकरची गोष्ट सांगतोच, कारण ती मला अगदी जवळची वाटते. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत आलेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळून त्यानं नाव काढलं. २०२१ मध्ये न्यू यॉर्क मेट्सनं त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं. पण तपासणीनंतर क्लब मागे सरला, मुदत टळली, आणि मुलगा ड्राफ्ट होऊनही घरीच राहिला. त्यानं खांद्यावर छोटी शस्त्रक्रिया करून घेतली, मोठ्या क्लबांशी संबंध नसलेल्या एका स्वतंत्र लीगमध्ये जाऊन बॉल टाकला, आणि २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सनं त्याला थेट तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. बोनस मिळाला ५२ लाख डॉलर. यातून तू घ्यायचं ते एवढंच: तपासणीत काय निघेल हे क्लबच्या आधी तुला माहीत असू दे. सध्याच्या नियमांनुसार, यादीतल्या वरच्या खेळाडूनं ड्राफ्टपूर्व तपासणी करून दिली असेल, तर त्याला निवडणाऱ्या क्लबला ठरलेल्या रकमेच्या निदान ७५ टक्के देऊ करावे लागतात. पुढच्या वर्षी कोणाचा धाकटा भाऊ रांगेत असेल, तर ही ओळ त्याला वाचून दाखवा.

व्हिसाचं थोडक्यात. घर एच-४ वर, म्हणजे नोकरदार व्हिसाधारकाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर असेल, तर त्यावर पगार घेता येत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की तो आधारही जातो. मायनर लीगचे, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवरचे खेळाडू पी-१ या खेळाडूंच्या व्हिसावर खेळतात. क्लबचा वकील क्लबचं काम बघतो, म्हणून स्वतःचाही एक गाठा.

पैसे आले, आता गाडी नको

बोनस एकदाच मिळतो, त्यावर कर कापला जातो, आणि त्यानंतरचा पगार बेताचाच असतो. २०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात ठरलेले वर्षाचे किमान आकडे असे: सर्वांत खालच्या कॉम्प्लेक्स (क्लबच्या सराव-मैदानांवरच्या) पातळीवर १९,८०० डॉलर, सिंगल-एला २६,२००, हाय-एला २७,३००, डबल-एला ३०,२५०, ट्रिपल-एला ३५,८००. याच्या बाजूला मेजर लीगची किमान रक्कम ठेवून बघ: २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर. या दोन आकड्यांमधल्या दरीत तुला तीन, चार, कदाचित सहा वर्षं काढायची आहेत. राहण्याची सोय क्लब करतो, ती काळजी आता मिटलीय.

दहाव्या फेरीच्या पुढे निवड झाली असेल, तर बोनसला बोनस म्हणूच नकोस. तो तुझा पुढच्या काही वर्षांचा घरखर्च आहे. खेळाडूंचे कर भरणारा हिशेबनीस शोध, कारण तू राहशील एका राज्यात, सराव करशील दुसऱ्यात, आणि सामने होतील पाच राज्यांत. नातेवाइकांना उसने देण्याचे निर्णय वडिलांवर सोपव. तुला 'नाही' म्हणणं जड जाईल, त्यांना तितकं जाणार नाही.

पहिले तीन महिने: न टाकण्याचं शिक्षण

पॉल स्कीन्सचं उदाहरण घे. २०२३ च्या कॉलेज हंगामात त्यानं १२२ इनिंगहून जास्त बॉल टाकला (इथे तीन जण बाद झाले की एका संघाची इनिंग संपते). जुलैत पायरेट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये पहिला निवडला. त्यानंतर त्या वर्षी मायनर लीगमध्ये त्याला किती टाकू दिलं? सात इनिंगसुद्धा नाही. आणि ११ मे २०२४ ला तो मेजर लीगच्या माउंडवर उभा होता. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या हाताला जर असं जपून ठेवलं, तर तुला बसवून ठेवलं म्हणून क्लब नाराज आहे असं समजू नकोस.

त्यात २०२४ पासून कॉम्प्लेक्स लीगचे सामने मे महिन्यात सुरू होऊन जुलैतच संपतात. म्हणजे तू पोचशील तेव्हा मैदानं रिकामी असतील. काही जणांना थोड्या इनिंगसाठी सिंगल-एला पाठवतात, बरेच जण फक्त सराव करतात. या काळात काय करायचं, तर झोप मोजायची, पाय, कंबर आणि पाठ कमवायची, खांद्याच्या मागचे छोटे स्नायू रबरी पट्ट्यांवर रोज चालवायचे. तिथल्या हवेत घाम गाळायची सवय करायची. फ्लोरिडातला दमटपणा आणि ॲरिझोनातली भट्टी, दोन्ही वेगळ्या तऱ्हेनं माणसाला पिळतात.

घरून एक चूक हमखास होते. वडील विचारतात, "आज किती स्पीड लागला?" हा प्रश्न वर्षभर बंद ठेवा. त्याऐवजी "झोप झाली का? जेवलास काय?" एवढंच विचारा. पोरगा बाबांना खूश करायला मागच्या मैदानावर कोणी नसताना पाच बॉल पूर्ण ताकदीनं सोडतो. माझ्याच शनिवारच्या मुलांपैकी एकानं हे केलं होतं, वय वर्षं पंधरा. तीन दिवस त्यानं दुखणं लपवलं, चौथ्या दिवशी त्याला शर्टाचं बटण लावता येईना. त्याला वेगाचं वेड लावणाऱ्यांत मीही होतो, ते मला आजही बोचतं.

शाकाहारी असशील, तर पहिल्याच आठवड्यात क्लबच्या आहारतज्ज्ञाला स्पष्ट सांग. लाजून सॅलडवर दिवस काढू नकोस. डाळ, राजमा, पनीर, दही, अंडी चालत असतील तर अंडी, हे सगळं मिळवून देता येतं, पण आधी सांगायला हवं. प्रेशर कुकर सोबत ने.

दुखणं आणि ठणकणं यांतला फरक

या भागावर मी रेंगाळणार आहे.

टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी खांद्याच्या मागे, दंडात, पाठीत जडपणा येणं रोजचं आहे. हालचाल केली की तो मोकळा होतो. पण कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकाशी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, बॉल सोडताना 'टक्' असा आवाज, किंवा जोर तेवढाच लावूनही वेग अचानक पडणं, यांतलं काहीही झालं की त्याच दिवशी, त्याच तासाला फिजिओकडे जायचं. सामना झाल्यावर बघू, हे चालणार नाही.

मुलं का लपवतात ते मला ठाऊक आहे. हंगामात एका क्लबला मायनर लीगमध्ये १६५ च खेळाडू ठेवता येतात. दर जुलैत नवे येतात, म्हणजे कोणाला तरी जावंच लागतं. आपण दुखतंय म्हटलं तर आपणच जाऊ, अशी भीती असते. पण उलट बाजू बघ. ज्याचा अस्थिबंध ताणला गेलाय आणि ज्यानं वेळीच सांगितलं, त्याला काही आठवडे विश्रांती मिळून तो परत येऊ शकतो. ज्याचा तुटला, त्याचं वर्ष गेलं.

तुटला तरी रस्ता आहे, हेही सांगायला हवं. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरात शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवला. आज त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. त्यानं कारकिर्दीत २८८ सामने जिंकले, त्यातले १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. परत यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. जेकब डीग्रॉम २०१० मध्ये नवव्या फेरीत आला आणि त्याच वर्षी त्याच्या कोपरावर ही शस्त्रक्रिया झाली. पुनर्वसनाच्या त्या लांबलचक महिन्यांत योहान सँटाना हा मुरलेला डावखुरा पिचरही तिथेच दुखापतीतून सावरत होता. त्यानं याला चेंजअप, म्हणजे वेगवान बॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल, दाखवला. पुढे डीग्रॉमनं दोनदा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला. कुमार रॉकरच्या कोपरावरही मे २०२३ मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली, आणि १२ सप्टेंबर २०२४ ला मेजर लीगच्या पहिल्याच सामन्यात त्यानं चार इनिंगमध्ये सात जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. त्या रात्री आमच्या घरी जेवण टेबलावर तसंच राहिलं होतं.

म्हणून शस्त्रक्रियेला घाबरून गप्प बसू नकोस, आणि 'ती करून वेग वाढतो' असं कोणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नकोस. काहींचा हात पुन्हा पहिल्यासारखा होतच नाही.

बॉल, बॅट आणि घड्याळ

कॉलेजात धातूची बॅट असते. आत, म्हणजे फलंदाजाच्या अंगाजवळ टाकलेला बॉल मुठीजवळ लागला तरी तो टप्पा घेऊन मैदानात पडतो आणि फलंदाज बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचतो. त्यामुळे बहुतेक मुलं बाहेर-बाहेर टाकायला शिकलेली असतात. व्यावसायिक खेळात लाकडी बॅट. तोच आतला बॉल बॅटचे दोन तुकडे करतो. या हिवाळ्यात आत टाकायचं धाडस कमव, त्यासारखी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

बॉलही निराळा असतो. कॉलेजच्या बॉलपेक्षा याची शिवण बसकी, बोटांना कमी लागते. टीव्ही बघताना हातात तोच बॉल फिरवत बस. सगळे टाके डोळे मिटून ओळखता आले पाहिजेत. आणि घड्याळ: बॉल टाकायला मेजर लीगमध्ये बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावपटू असताना १८. सरावातही हा गजर लावून टाक, म्हणजे श्वास त्या लयीत बसेल.

क्लबकडे वेगवान कॅमेरे आणि रडारयंत्रं असतात. बॉल मिनिटाला किती फिरतो, किती इंच सरकतो, हात किती उंचीवरून सुटतो, सगळं कागदावर येतं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगेल की तुझा स्लायडर (बाजूला वळणारा बॉल) बदलून स्वीपर (त्याहून जास्त वळणारा) करू. नाही म्हणू नकोस, पण एक प्रश्न विचार: "या हिवाळ्यात मी एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?" उत्तर वहीत लिही, तारखेसह. तीन कोच तीन गोष्टी सांगतात तेव्हा ती वही कामी येते.

वेळापत्रकही बदलतं. कॉलेजात आठवड्यातून एकदा शुक्रवारी टाकायचास. मायनर लीगमध्ये २०२१ पासून साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे सुरुवातीला तुझी पाळी आठवड्यानेच येईल. मधल्या दिवसांचा नेम तूच बसव: पहिल्या दिवशी हलकं धावणं, दुसऱ्या दिवशी झेल, मग वीस-पंचवीस बॉलांचा बुलपेन (माउंडवरचा सराव), मग पुन्हा हलकं. वर गेलास की पाचव्या दिवशी टाकावं लागेल, आणि तेव्हा हा नेमच तुला तारेल.

आजीचं चूर्ण आणि मित्राचा मेसेज

नाशिकहून आजी अश्वगंधा पाठवेल, मामा शिलाजित देईल. प्रेमानंच देतील. तरी घेऊ नकोस. डबीत काय आहे ते लेबलवर पूर्ण लिहिलेलं नसतं, आणि तपासणीत काही निघालं तर 'मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट असा शिक्का असलेल्याच वस्तू, त्याही क्लबच्या फिजिओला दाखवून. आजीला फोन करून स्वतः समजाव, ती समजते. लाडू मात्र येऊ देत.

आता जुगार. बेसबॉलच्या कोणत्याही सामन्यावर एक डॉलरही लावायचा नाही. आपला संबंध नसलेल्या सामन्यावर लावला तर एक वर्ष बंदी, आपल्या संघाच्या सामन्यावर लावला तर कायमची. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या इनफिल्डरवर (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकावर) अशी कायमची बंदी आली. तो स्वतः दुखापतीमुळे बाहेर असताना त्यानं आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले होते. तुझ्यापर्यंत ही गोष्ट साध्या रूपात येईल. शाळेतला मित्र विचारेल, "उद्या टाकतोयस ना? हात कसा आहे?" त्याला उत्तर देऊ नकोस. तो चांगला असेल, त्याच्या ग्रुपमधले बाकीचे कोण आहेत हे तुला माहीत नाही.

ड्रेसिंग रूम

तुझ्या शेजारचा मुलगा डोमिनिकन रिपब्लिकचा किंवा व्हेनेझुएलाचा असण्याची शक्यता मोठी. तो सोळा-सतराव्या वर्षी घर सोडून आलेला, इंग्रजी तुटकं. रोज दहा शब्द स्पॅनिश शीक. तुझा कॅचर, म्हणजे तुझे बॉल झेलणारा, बहुधा त्यांच्यातलाच असेल आणि अडचणीच्या वेळी माउंडवर चालत येऊन तो जे बोलेल ते तुला कळायला हवं. त्याचं नाव तो उच्चारतो तसं उच्चार. मग तुझंही तो नीट घेईल.

फेब्रुवारी

दिवाळीनंतर क्लब झेल-फेकीचं वेळापत्रक पाठवतो: आठवडा, अंतर, फेकींची संख्या. ते तंतोतंत पाळ. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनं पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला, त्यात वेगाच्या आणि वळणाच्या हव्यासाबरोबर सतत पूर्ण जोर लावण्याकडेही बोट दाखवलंय. शिबिराच्या पहिल्या दिवशी छाप पाडायला जाणाऱ्यांचे हात मार्चमध्ये जातात. माउंडवर वीस-पंचवीस बॉल आरामात टाकता येतील एवढा तयार होऊन जा, त्याहून जास्त नको.

निघताना बॅगेत दोन ग्लव्ह घे, एक मुरलेला आणि एक नवा. रबरी पट्ट्या, ती वही, स्वतःची उशी, पासपोर्ट आणि करारपत्राची प्रत. कुकरची शिट्टी मोज्यात गुंडाळून ठेव, नाहीतर हरवते. आणि पहिल्या दिवशी फिजिओ विचारेल, "हात कसा आहे?" सवयीनं 'मस्त' म्हणू नकोस. कुठे जड वाटतं, कधीपासून, किती, हे सांग. तो लिहून घेईल.